धरणातल्या मासेमारीला नियम नाहीत, हे खरं नव्हे

पावसाळा तोंडावर आला की भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या काठच्या गावांत एक दावा मोबाइलवर फिरू लागतो. मासेमारीबंदी समुद्राला असते, धरणाला नाही. पाणी जनतेचं आहे, तेव्हा कुठलंही जाळं लावा. मासे पुराबरोबर आपोआप येतात आणि धरण ‘वजा’ झालं की नाहीतरी मरतातच. शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी बंदीचं बघू. १ जून ते ३१ जुलै ही बंदी सागरी मासेमारीची आहे, तेवढं बरोबर. पण त्यावरून धरण मोकळं ठरत नाही. गोड्या पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ सालच्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं. जाळी कोणती वापरायची, तिचा आस, म्हणजे विणीतलं छिद्र, केवढा, हे ठरवायचा अधिकारही सरकारला तेव्हाच मिळाला. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा मत्स्योद्योग कायदा केला.

पाणी जनतेचं, हे मान्य. पण मासेमारीचा हक्क ठेक्याने किंवा परवान्याने मिळतो, आणि त्याला अटी असतात. ज्या कुटुंबांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या आणि जी पिढ्यान्‌पिढ्या भीमेवर जगली, त्यांचं पोट या अटींवर अवलंबून आहे. ‘जनता’ म्हणताना नेमकी हीच माणसं वगळली जातात, याचा मला राग येतो.

सगळ्यात घातक दावा ‘आपोआप’ येणाऱ्या माशांचा. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाचं वाहतं, चढतं पाणी लागतं. पहिल्या लोंढ्याला गाभोळीने भरलेल्या माद्या प्रवाहाविरुद्ध वर निघतात, तेच आपले चढणीचे मासे. रोहूच्या एका किलोच्या मादीत लाखाहून जास्त अंडी असतात. ओढ्याच्या तोंडावर आडवं जाळं लावून तिला धरलं, की त्या सालची पैदास तिथेच संपली. शिवाय भीमा आणि तिच्या उपनद्यांवर वर जागोजागी धरणं आणि बंधारे आहेत. चढायला वाट उरलीय किती? म्हणून तर धरणात मत्स्यबीज सोडावं लागतं. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून हे बीज हुकमी मिळू लागलं. सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकण्याजोगी व्हायला वर्षभर तरी लागतं, आणि कटला स्वतः अंडी घालण्याजोगा होतो तो साधारण तिसऱ्या वर्षी. बारीक आसाच्या जाळ्याने ती चार बोटांची असतानाच ओढली, तर किलोला कवडीमोल भाव येतो आणि पुढच्या हंगामाचा मासा जातो तो वेगळाच. पेरलेलं बी उगवायच्या आत उकरून खाल्ल्यासारखं आहे हे.

यावर कोणी म्हणेल, चिलापी (तिलापिया) तर कितीही धरली तरी हटत नाही! बरोबर, पण ती आपल्या नदीची नव्हे. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. ती थांबलेल्या पाण्यात वाढते, काही महिन्यांतच अंडी घालते आणि मादी ती तोंडात सांभाळते. सावकाश वयात येणारे मोठे मासे लहानपणीच उपसले, तर जागा मिळते ती हिलाच. जाळ्यात चिलापी भरपूर दिसते म्हणून धरण भरलेलं आहे असं मानू नका.

आता ‘वजा’. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा (कालव्याने सोडता न येणारं तळचं पाणी), म्हणजे निम्म्याहून अधिक. वजा म्हणजे उपयुक्त साठा संपून या मृतसाठ्याला हात लागला, तळ कोरडा पडला असं नव्हे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास उतरलं, तेव्हाही सुमारे ३१ टीएमसी पाणी शिल्लक होतं. पाणी आटल्यावर मासे दाटीने गोळा होतात आणि एका ओढीत सापडतात, म्हणूनच तेव्हा जाळ्यांची झुंबड उडते. पण जुलैत चढणीला निघणारे मासे त्यांच्यातलेच असतात. उन्हाळ्यात आस मोठा ठेवला, तर त्यातली लहान पिढी तरी पाऊस बघेल.