आधी प्रॉपर्टी कार्ड, मग संचकार

घर विकायचं ठरलं की कोल्हापुरात काय होतं? एजंटाला फोन जातो, गिऱ्हाईक येतं, चहा होतो, आकडा ठरतो. लाख-दोन लाख संचकार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) हातात पडतो आणि पाचशेच्या स्टँपवर "आजपासून तीन महिन्यांचे आत खरेदीपत्र पुरे करून देणेचे आहे" असं लिहून दोघं मोकळे होतात. कागद कुणीच बघितलेला नसतो. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या मिळकतीचा सरकारी उतारा, काढायचं सुचतं ते बँकेनं मागितल्यावर, म्हणजे तीनातला एक महिना संपल्यावर.

मनस्ताप सगळा या उलट्या क्रमाचा आहे. शिव्या मात्र खातं रजिस्टर ऑफिस. तिथला सर्व्हर बंद पडतो हे खरंच, पण त्यात एखादा दिवस जातो. तीन महिन्यांचे नऊ महिने होतात ते विकणाऱ्याच्या कपाटातल्या कागदांमुळं.

म्हणून विकणाऱ्यानं पाटी लावायच्या आधी सिटी सर्व्हेचं ताजं प्रॉपर्टी कार्ड काढावं आणि बोट ठेवून वाचावं. सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरासोबत वॉर्डाचं अक्षर बघा. राजारामपुरी, शाहूपुरीची मिळकत ई वॉर्डात येते. मसुद्यात अक्षर चुकलं की दस्त भलत्याच मिळकतीचा होतो आणि पुढं चूकदुरुस्ती दस्त करत बसावं लागतं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 नं गुणा. घरात "हजार फूट" म्हणून चालत आलेलं क्षेत्र कार्डावर 86 मीटर, म्हणजे जेमतेम 926 फूट निघालं तर दर फुटावर ठरलेला सौदा तिथंच डगमगतो. सत्ताप्रकाराच्या, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धरलीय त्याच्या रकान्यात "ब" दिसलं की थांबा. जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते का, ते वकिलाला विचारूनच पुढचं बोला.

खाली नोंदींचा तक्ता असतो. त्यात "धा" म्हणजे धारक, "प" म्हणजे पट्टेदार (भाडेपट्ट्यानं घेतलेला) आणि "भा" म्हणजे भार, कर्जाचा बोजा. बहुतेक व्यवहार या "भा"पाशी अडतात. आजोबांनी कुठल्याशा पतसंस्थेचं कर्ज काढलेलं असतं, फेडलेलं असतं, पण बोजा कमी करायचा अर्ज कुणी दिलेला नसतो. मग ती संस्था अवसायनात गेलेली, म्हणजे गुंडाळायला काढलेली निघते आणि बेबाकी (काही देणं नाही अशा) दाखल्यासाठी तिचा कारभार बघणारा अवसायक शोधत फिरायचं. संचकार घ्यायच्या आधी कळलं असतं तर हे काम निवांत झालं असतं. आता समोरचा रोज फोन करतोय.

दुसरी अडचण वारसांची. कार्डावर अजून वडिलांचंच नाव असतं, कधी कधी आजोबांचं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ देऊन वारस नोंद करायची. त्यावर हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, ती मुदत कुणाच्या ओळखीनं कमी होत नाही. हरकत आली तर सुनावणी लागते, मग महिन्यांचा हिशेब सोडून द्या. यात बहिणींना शेवटी सांगायची जी रीत आहे ती मला अजिबात पटत नाही. संचकार वाटून झाल्यावर "ताई, जरा सहीला ये" म्हणायचं आणि तिनं वाटा विचारला की तिला लोभी ठरवायचं! मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी 1956 पासून वारस आहे, वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनं मुलाइतकीच हक्कदार. तिला खुशीनं सोडायचं असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र करा. नाहीतर सरळ खरेदीपत्रात तिलाही लिहून देणार, म्हणजे विकणारी म्हणून घ्या आणि तिच्या हिश्श्याचा चेक तिच्याच नावानं काढा. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ. रुसवाही कमी.

एखादा वारस परदेशात असेल तर वटमुखत्यारपत्राला (त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार देणाऱ्या कागदाला, पॉवर ऑफ अॅटर्नीला) वेळ धरा. तिथल्या भारतीय वकिलातीतून ते साक्षांकित होऊन यायला हवं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरायला हवा. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदारानं त्याच्या रकमेतून कापायचा आयकर नेहमीसारखा एक टक्क्यावर भागत नाही, कितीतरी जास्त असतो. कमी दरानं कापायचा दाखला आयकर खात्याकडून आणायचा तर त्याला आठवडे जातात. हे सहीच्या आदल्या दिवशी कळलं तर सही होत नाही.

आता घेणाऱ्याकडं वळू. त्याचा हिशेब चुकतो तो "बँक 80 टक्के देते" या वाक्यावर. कशाच्या 80 टक्के? सौदा 45 लाखांचा, पण बँकेच्या इंजिनिअरनं मूल्यांकन 40 लाखांचं केलं, कारण वरची खोली आणि मागचं पत्र्याचं शेड बांधकाम परवान्यात नाही. कर्ज झालं 32 लाख. हातचे 13 लाख लागले. त्यावर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे 2 लाख 70 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. ही रक्कम कर्जात धरत नाहीत. एकूण 16 लाख रोकडं पाहिजेत, आणि गडी नऊ लाख बांधून बसलेला असतो. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर सौद्यापेक्षा जास्त असेल तर मुद्रांकही त्या जास्तीच्या रकमेवरच. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, या उदाहरणात 45 हजार. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही. सौदा 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून खरेदीदारानं भरायचा. हे ठाऊक नसलेला विकणारा ऐन वेळी "माझे पन्नास हजार कुठं गेले?" म्हणून पेन खाली ठेवतो.

विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत अडकलेले असतात. कर्ज पुरं फिटल्यापासून 30 दिवसांत ते परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण ते 30 दिवस तुमच्या तीन महिन्यांतूनच जातात, हे ध्यानात ठेवा. आधीच बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि कागदांची यादी मागून घ्या. यादीत जुनं खरेदीपत्र नसेल तर ते कुठं आहे याचा शोध आजच सुरू करा.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंब्याकडचं घर असेल तर प्रश्न वेगळे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घरफाळ्याच्या पावतीचंही तेच. सातबारा बघा, बिगरशेती झालंय का बघा, इतर हक्कात सेवा सोसायटीचा बोजा आहे का बघा. गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा दाखला मागा. देवस्थान इनाम, म्हणजे देवस्थानाला दिलेली जमीन दिसली तर चहा पिऊन परत या.

आणि पूररेषा. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर इथं 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते विकणारा सांगणार नाही, शेजारचा पानपट्टीवाला सांगेल. नकाशावरच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, बांधकामावर कडक बंधनं आहेत; पाडून नवं बांधायच्या इराद्यानं जुनं घर घेणाऱ्यानं नगररचना विभागात विचारल्याशिवाय संचकार देऊ नये.

मग संचकारपत्र कसं लिहायचं? मुदत नुसत्या तारखेला नको, कामाला बांधा: "वारस नोंद मंजूर होऊन व भार कमी होऊन नवीन प्रॉपर्टी कार्ड खरेदीदारास मिळालेपासून 45 दिवसांत." काम कुणी करायचं, खर्च कुणाचा, कर्ज नामंजूर झालं तर संचकार किती दिवसांत परत, हे तिथंच लिहा. वकिलाचा मिळकतीच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल आणि पेपरातली जाहीर नोटीस उरकेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका. 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, तेव्हा चेकच. मामला सहा महिन्यांवर जाणार असं दिसत असेल तर नोंदणीकृत साठेखत (पुढं खरेदीपत्र करून द्यायचा करार) करा. त्यावर भरलेला मुद्रांक पुढं खरेदीपत्रात वळता होतो.

सहीच्या आधी आठवडाभर सगळ्यांचं आधार, पॅन आणि प्रॉपर्टी कार्ड शेजारी शेजारी ठेवा. कार्डावर "आक्काताई", आधारवर "अनुसया", पॅनवर माहेरचं आडनाव, असला प्रकार घरोघरी असतो. त्याचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवा. मार्चअखेर टाळा, रेडीरेकनर वाढेल या भीतीनं तिथं झुंबड असते. पितृपंधरवड्यात मात्र ऑफिस मोकळं असतं, ज्याची हरकत नसेल त्यानं फायदा घ्यावा.

दस्त झाला की सूची क्रमांक 2 ची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, इंडेक्स टू ची) प्रत घेऊन प्रॉपर्टी कार्डाला नाव लावायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या; घरफाळा, पाणीपट्टी, लाईटचं मीटर त्याच्या पाठोपाठ. आणि किल्ली देताना दोघांनी मिळून मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.