पाठीवरचा पंजा

माझ्या पिवळ्या टी-शर्टच्या पाठीवर पाच काळ्या बोटांचा ठसा उमटलेला आहे आणि लिंबू, टाल्कम पावडर, भांड्यांचा साबण असे तिन्ही उपाय करूनही तो गेलेला नाही. हा टी-शर्ट मी गेल्या रविवारी पहिल्यांदा घातला होता. त्याच सकाळी मेव्हण्याची गिअरची सायकलही मी पहिल्यांदा चालवली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जावे, वाटेत नदी पाहावी आणि दहा वाजता घरी परतून पोहे खावेत, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. त्यापैकी पोहे तेवढे झाले.

प्रवेशद्वारापासून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर आहे. पहिला टप्पा इतका गुळगुळीत असतो की माणसाला स्वतःच्या पायांविषयी गैरसमज होतो. पुढे चढ लागला, तसा मी घाईघाईने गिअर बदलला. काहीतरी कर्रकन वाजले, चेन उतरली आणि पायडल मोकळेच गरगरू लागले. सायकल ढकलत एका पुलापर्यंत आणली आणि कठड्याला टेकवली. चेन बसवता येत नाही हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा नदी पाहणे सोपे होते, म्हणून मी नदी पाहू लागलो.

नदी खरोखर पाहण्यासारखी होती. सप्टेंबर संपत आला होता, पाणी अजून वाहते होते आणि काळ्या पाषाणावरून ते इतके नितळ उतरत होते की तळाचे खडे मोजता आले असते. बोटाएवढे मासे प्रवाहाच्या उलट तोंड करून जागच्या जागी पोहत होते. एका कपारीतून खेकड्याच्या पिल्लाने एकच नांगी बाहेर काढून ठेवली होती, जणू पाऊस थांबला की नाही हे ते चाचपत होते. काठच्या कारवीला फूल नव्हते. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि नेमकी माझ्या सवडीच्या वर्षी फुलत नाही. एवढ्यात मागे टाळ्या वाजल्या.

"काका, काय पडलं?"

मला सत्तेचाळीस वर्षे झाली आहेत. मला काका म्हणणाऱ्या गृहस्थांची सत्तरी सहज उलटलेली होती. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मॉर्निंग वॉकचा पास आणि प्रत्येक वाक्यानंतर दोन्ही तळवे छातीसमोर आणून वाजवलेल्या दोन कडक टाळ्या, असा एकूण थाट होता. टाळ्यांनी रक्ताभिसरण सुधारते, असे त्यांनी न विचारता सांगितले.

"काही पडलेले नाही. मी नदी पाहतो आहे," मी म्हणालो.

"कुठली नदी?" टाळी, टाळी.

"ही. दहिसर नदी."

त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि रुग्णाला वाईट बातमी सांगावी तशा हळुवार आवाजात म्हणाले, "काका, हा नाला आहे."

येथे मी गप्प बसायला हवे होते. पण सायकल बंद पडलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या तरी बाबतीत जिंकावेसे वाटते. मी सांगितले की ही नदी तुळशी तलावापाशी उगम पावते, साधारण बारा किलोमीटर वाहते आणि बोरिवली, दहिसर ओलांडून खाडीला मिळते. मुंबईच्या दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्यांचा जन्म याच डोंगर-जंगलाच्या परिसरात झालेला आहे, हेही सांगितले. ते सगळे त्यांनी मान डोलावत ऐकून घेतले.

"आमच्या सोसायटीच्या मागून जातो तो," ते म्हणाले. "मी तीस वर्षं त्याचा वास घेतोय. नदीला घाट लागतो, देऊळ लागतं. याला काय आहे? भिंत!" टाळी, टाळी.

"मग 2005 साली तुमच्या सोसायटीत पाणी शिरले ते कशाचे?"

"नाल्याचं. नदीला पूर येतो, नाला तुंबतो. आमच्याकडे तुंबलं होतं." या तर्कशास्त्रापुढे मी निरुत्तर झालो, आणि खरे सांगायचे तर अजूनही आहे.

एवढ्यावर प्रकरण थांबले नाही. मागून येणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या दोघांना त्यांनी हात करून थांबवले आणि मतदान घेतले. माकडटोपी घातलेल्या सद्गृहस्थांनी पाण्याकडे न पाहताच "नाला" म्हटले. त्यांच्या सोबतच्या बाईंनी बराच वेळ विचार करून "ओढा म्हणा ना, म्हणजे कुणालाच वाईट वाटायला नको" असा तोडगा सुचवला. दोन मते नाल्याला, एक ओढ्याला आणि एक नदीला. "लोकशाही आहे, काका," असे म्हणून त्यांनी निकाल जाहीर केला. नदीचे डिपॉझिट जप्त झाले. ती मात्र खाली खळखळ वाहत होती, कारण तिला मतदानाचा अधिकार नव्हता.

मला राग आला तो या हरण्याचा नव्हे. पुलावरून खाली नुसते पाहिले असते, तर त्यांना मासे दिसले असते. पण ते त्यांच्या घरामागची भिंत पाहत होते आणि त्यात त्यांचा तरी काय दोष? जंगलातून बाहेर पडताच या पाण्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीट लागते, मग तबेल्यांचे शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी मिळते, आणि पुढे त्याला नदी म्हणणे ही थट्टा वाटू लागते. मिठीचेही तेच. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे निम्म्या मुंबईला कळले की आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे. गोदावरी कुठे उगम पावते हे मी चौथीत पाठ केले होते. माझ्या खिडकीखालून वाहणाऱ्या पाण्याचे नाव मला तिशीनंतर समजले. आणि वर कान्हेरीला दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी पोढ्यांत, म्हणजे खोदलेल्या टाक्यांत, साठवले होते. त्यांना कुणी मॉर्निंग वॉकचा पास दिला नव्हता, तरी पाणी कशाला म्हणतात ते ठाऊक होते.

हे सारे मी मनातल्या मनात बोलत होतो. तोवर गृहस्थांचे लक्ष सायकलकडे गेले होते.

"चेन उतरलीय होय? आधी नाही का सांगायचं!"

त्यांनी वाटेवरची एक काटकी उचलली, ती बाजूला टाकली आणि सरळ हात घातला. मागच्या गिअरचा दांडा पुढे ढकलून चेन सैल केली, पुढच्या दातेरी चक्राच्या खालच्या दातांवर ती अडकवली आणि मला हुकूम सोडला, "काका, पायडल उलटं फिरवा." मी फिरवले. खट्‌ आवाज झाला आणि चेन बसली. या सगळ्याला दहा सेकंदही लागले नसतील. मी ज्या कामाला टाळून नदीचा अभ्यास सुरू केला होता, ते काम असे होते.

त्यांनी हात वर केले. तळवे काळेकुट्ट झाले होते. सवयीने टाळी वाजवायला ते समोर आलेही, पण अर्ध्यावर थांबले. पाने पुसायला ओली होती, रुमाल पांढरा होता. मग त्यांनी सर्वांत जवळचा मार्ग निवडला. "जा आता, जपून जा," असे म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर एक भरघोस, आशीर्वादाची थाप मारली. मी आभारही मानले. "थँक यू, काका," असे मी मुद्दाम म्हणालो, तर ते म्हणाले, "काका कसले, आजोबा म्हणा."

कान्हेरीला जायची उमेद राहिली नव्हती, म्हणून मी परत फिरलो. महामार्गाच्या सिग्नलवर मागचा रिक्षावाला का हसतो आहे, हे मला समजले नाही. आमच्या इमारतीच्या वॉचमनने गेट उघडता उघडता विचारले, "प्रचाराला सुरुवात झाली का, साहेब?" आणि लिफ्टच्या आरशात पाठ वळवून पाहिल्यावर तेही समजले.

आज बायकोने चौथ्यांदा तो टी-शर्ट भिजत घातला. पंजा जसाच्या तसा आहे, पाणी मात्र काळे झाले. तिने बादली मोरीत उपडी केली आणि मी खिडकीशी जाऊन खाली पाहिले. तिथे भिंत होती.