साडेपाच तास मागे

आमच्या हॉलमधल्या पडद्याला शेजारचे नाना 'बिघडलेलं घड्याळ' म्हणतात. कालपासून अख्खी सोसायटी म्हणते.

ते हॅमक्लॉक आहे: हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हॅम लोकांसाठी, वेळ आणि जगाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर. सामान सगळं घरचंच: ड्रॉवरमध्ये पडून असलेला रास्पबेरी पाय ३ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि माळ्यावरचा जुना टीव्ही. टीव्ही १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, त्यात १६०० बाय ९६० मावत नाही, म्हणून सॉफ्टवेअरची ८०० बाय ४८० ची आवृत्ती. आधी टीव्ही लावायचा, मग पाय. उलट केलं की पडदा काळाच. मोबाइलचा चार्जर अजिबात चालवून घेऊ नये. बारीक वायरीत व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय कुरकुरतो. ५ व्होल्ट, अडीच अँपियरचाच घ्या. आणि सेटिंगमध्ये अक्षांश आधी, रेखांश नंतर. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटे भरले की आपलं रेडिओ स्टेशन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. बरोबर भरले की ग्रिड, म्हणजे हॅम लोकांच्या नकाशातल्या आपल्या चौकोनाचा क्रमांक, एमके६८ येतो.

एवढं जमवून मी चहा टाकायला आत गेलो. तेवढ्यात नाना पेपर मागायला आले.

"अरे, बारा वाजलेत आणि तुझं घड्याळ साडेसहा दाखवतंय!"

"नाना, ती यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ आहे. आपण साडेपाच तास पुढे."

"मग पुढे कर ना. आळस कसला?"

जगभरचे हॅम एकाच वेळेने लॉग, म्हणजे संपर्कांच्या नोंदी, लिहितात, हे मी सांगितलं. नानांनी मान हलवली. ते मान हलवतात तेव्हा ऐकत नसतात, हे मला कळायला हवं होतं.

"आणि हे के म्हणजे?"

"पृथ्वीच्या चुंबकत्वातली खळबळ. शून्य ते नऊ."

"तुला दोनच? वाढव जरा."

"अहो, कमी असलेलं चांगलं!"

"नापास मुलं असंच म्हणतात."

चहा घेऊन येतो तर माऊस नानांच्या हातात. वेळेच्या आकड्यांवर टिचक्या मारून त्यांनी बारा वाजवले होते. 'यूटीसी'च्या जागी लाल 'ऑफ' आलेलं, आणि नकाशावरची रात्र सरकत पार पुण्याच्या उंबऱ्यापर्यंत. भर दुपारी आमच्याकडे तिन्हीसांजा! त्या लाल अक्षरांवर एकदा क्लिक केलं की सगळं जागेवर येतं. पण तोवर नानांचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता: 'घड्याळ दुरुस्त करून दिले.' खाली सतरा नमस्कार. परीक्षा देऊन, लायसन्ससाठी महिनोन्‌महिने थांबून मिळवलेल्या माझ्या कॉलसाइनचं, म्हणजे रेडिओवरच्या माझ्या नावाचं, अभिनंदन करायला त्यातला एकही फिरकला नव्हता.

आज सकाळी भूचुंबकीय वादळ. के पाचवर, वीस मीटरच्या रेडिओ बँडवर नुसती खरखर, तासभर हाका मारून एक उत्तर नाही. वैतागून दार उघडलं तर नाना पेपर घ्यायला उभे. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि पाठ थोपटली.

"पाच! शाब्बास. बघ, मनावर घेतलं की होतं."