भाईंदरपर्यंत मुसंडी

उद्या तुमच्या हाती सरकार आलं आणि त्याच्या पाठोपाठ युद्धही आलं, तर घाबरू नका. फक्त आजपासून संध्याकाळची विरार फास्ट पकडायला लागा. उतरायचं बोरिवलीला.

गेल्या पावसाळ्यात मी हा सराव केला. दादरला शिरलो, अंधेरीला आणखी चार माणसं आत ढकलला गेलो, आणि बोरिवली आली तेव्हा "बोरिवलीला उतरायचंय तर बोरिवली लोकल पकडायची ना!" हे प्रवचन ऐकत छत्रीसकट जागच्या जागी उभा होतो. उतरलो थेट पुढे भाईंदरला. तेवढ्यात बायकोचा फोन, "कुठे आहेस रे?" नवखा माणूस इथे खरं सांगून बसतो. मी म्हणालो, "भाईंदरपर्यंत मुसंडी मारलीय. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय." (छत्रीचा दांडा मोडला होता. त्याला किरकोळ हानी म्हणतात.)

हे माझं डोकं नव्हे. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानी फौजेने ग्वाडलकॅनाल बेट सोडलं, तेव्हा टोकियोच्या मुख्यालयाने 'माघार' हा शब्द तोंडातून काढला नाही. 'तेनशिन' म्हणाले, म्हणजे दिशा बदलून आगेकूच! जून २०२२ अखेर रशियाने युक्रेनचं स्नेक बेट सोडलं, ते म्हणे सद्भावना म्हणून. खरी दूरदृष्टी त्याही आधीची. त्यांनी युद्धाला युद्ध म्हटलंच नव्हतं, 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलं होतं. जे युद्धच नाही, ते कोण कसं हरणार?

घाई मात्र नको. १ मे २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुशसाहेब इराक युद्धावर विमानवाहू जहाजावरून भाषणाला उभे राहिले, मागे 'मिशन अकम्प्लिश्ड'चा, म्हणजे मोहीम फत्तेचा, भलामोठा फलक. अमेरिकी फौज इराकमधून निघाली डिसेंबर २०११ मध्ये. फलक जरूर लावा, फोटोत येईल असा लावू नका.

उद्दिष्ट कधीही आकड्यात किंवा तारखेत सांगू नका. 'शत्रूला धडा शिकवू' म्हणा. धडा तुमचा, पेपर तपासणारे तुम्हीच. आकडा द्यायचाच झाला तर व्हिएतनाममध्ये अमेरिकेने दिला तसा द्या, शत्रूच्या प्रेतांचा. तो वाढतच जातो. अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव ३० एप्रिल १९७५ ला पडली, ही बाब वेगळी.

आपण मराठी माणसं या कलेत जरा कच्चीच. पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती म्हणे एका सावकारी पत्रातून, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या. भाषा सांकेतिक, पण हिशेब खरा! आजचा प्रवक्ता असता तर म्हणाला असता, हार सुटसुटीत केला.

तर भाईंदर. मुसंडीचं वर्णन बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू दे. ताट किती वाजता वाढू?"

असल्या पत्रकारांना उत्तर द्यायचं नसतं. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे असं सांगून मी फोन ठेवला, आणि पूल चढून चर्चगेट स्लोच्या प्लॅटफॉर्मकडे आगेकूच केली.