सॅम्पल फ्लॅटमधला नळ

शीळ रोडला एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो, तेव्हा आईने थेट बाथरूममध्ये जाऊन नळ उघडला. खाली स्वागताला दिलेला समोसा तेलकट होता, तिला हात धुवायचे होते. नळ फिरला, पाणी आलं नाही. टाय लावलेला मुलगा धावत आला. "आजी, तो नुसता दाखवायला आहे." मग आईने फ्रिज उघडला, तो पुठ्ठ्याचा निघाला. पलंगावर मी आडवा होऊन पाहिलं तर पोटऱ्यांपासून पुढचा मी बाहेर. खोल्यांना दारं नव्हतीच, कारण दारं लावली की खोली लहान दिसते. आम्ही तो फ्लॅट घेतला नाही आणि त्या दिवसापासून मी स्वतःला सहजासहजी न फसणाऱ्या माणसांत धरू लागलो.

हा समज मे २०२० पर्यंत टिकला.

लॉकडाऊनचे दिवस. घरातून फार लांब गेलो तर गच्चीपर्यंत. अशात एपिक गेम्स या कंपनीने अनरिअल इंजिन ५ चा, म्हणजे व्हिडिओ गेम ज्यावर बनवतात त्या सॉफ्टवेअरचा, डेमो दाखवला, प्लेस्टेशन ५ या गेमच्या यंत्रावर चालणारा. एक बाई गुहेतून चालते आहे, वरच्या झरोक्यातून ऊन येतंय, ते ऊन खडकावर पडून पुढच्या खडकाला उजळतंय. मग एक दालन येतं, त्यात एक पुतळा, ३ कोटी ३० लाख त्रिकोणांचा (गेममधली प्रत्येक वस्तू बारीक त्रिकोण जोडूनच घडवतात). तसे जवळजवळ ५०० पुतळे एकाच दालनात. म्हणजे १६०० कोटी त्रिकोण! आई मागून चहा घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "वेरूळ ना हे? कुठल्या नंबरचं लेणं?"

यात थाप काहीच नव्हती, हे आधीच सांगतो. चित्रपटातली एकेक चौकट बनवायला संगणक तासन् तास दळत बसतात. इथे ते चित्र जागच्या जागी, सेकंदाला ३० वेळा तयार होत होतं. ते खरंच होतं. आता गेम घरीही असेच दिसणार, हा मी त्यावरून काढलेला अर्थ तेवढा माझा होता.

पुढची दोन वर्षं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकात गेमची चित्रं रंगवणारा भाग, मिळण्यात गेली. चिपचा तुटवडा, त्यात क्रिप्टोवाले पोत्याने कार्डं उचलत होते. शेवटी लॅमिंग्टन रोडवर एकाने काचेवर हात थोपटत सांगितलं, "साहेब, हे टाका, सगळं मख्खन चालतं." किंमत ऐकून बायको एवढंच म्हणाली, "यात दोन एसी आले असते." तिचं गणित चुकलं नव्हतं. गेम चालू झाला की ते कार्ड खोलीत जी गरम हवा फेकतं, त्यानंतर दोन्ही एसी लागलेच असते.

गेमचं नाव घेत नाही. १२० जीबी. आमच्या केबलवाल्याच्या इंटरनेटवर दोन रात्री आणि एक दुपार. उतरवून झाल्यावर पडद्यावर आलं, 'शेडर तयार होत आहेत, ४ टक्के'. हे शेडर म्हणजे दगड ओला कसा दिसावा, कापड चमकावं किती, याच्या सूचना, आणि प्रत्येक कार्डाची बोली वेगळी असल्याने त्या ज्याच्या त्याच्या घरी जाऊन भाषांतरित कराव्या लागतात. प्लेस्टेशनवाल्यांचं यंत्र ठरलेलं, म्हणून त्यांचं भाषांतर कारखान्यातच उरकलेलं असतं. माझं यंत्र ३७ टक्क्यांवर दमलं. मी जेवून आलो.

आणि मग नायक बाजारात उभा राहिला. सगळ्या सेटिंग 'अल्ट्रा'वर. समोर जे चाललं होतं ते मी लहानपणापासून ओळखतो. गणपतीतले हलते देखावे! हात वर. थांब. हात खाली. मान उजवीकडे. थांब. फक्त मागे 'ऐका भक्तहो' म्हणणारा तो घोगरा आवाज तेवढा नव्हता.

मग काटकसर सुरू झाली. आधी सावल्या कमी केल्या. मग धुकं. मग गवत. मग चित्र मुळात छोटं काढून ते ताणून मोठं दाखवायची सोय लावली, म्हणजे सदरा आखूड शिवून इस्त्रीने लांब करणं. महिनाअखेरीला आम्ही घरात याहून वेगळं काही करत नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एकेका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात गेमला माझं बटण ऐकायचं असतं, बाजारातल्या चाळीस माणसांना चालवायचं असतं, आवाज द्यायचा असतो, आणि वर ते सगळं रंगवायचं असतं. डेमोतल्या बाईला कुठे वळायचं हे आठवडाभर आधी माहीत होतं. माझा नायक ऐन लढाईत मागे वळून कोंबडी बघायला जातो. आता कोंबडी रंगवा.

हे माझ्याच नशिबी आलंय असंही नाही. २००५ च्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात 'किलझोन २' चं चित्रण दाखवलं तेव्हा जग म्हणालं, हाच गेम. ते आधीच रंगवून ठेवलेलं निघालं, गेम आला २००९ मध्ये. त्याच प्रदर्शनात 'फायनल फँटसी ७' ची सुरुवात नव्या रूपात दाखवली, फक्त नमुना म्हणून. लोक वाट बघत बसले. नवा गेम आला २०२० ला. तेवढ्या काळात पाळण्यातलं मूल दहावीला बसतं. 'वॉच डॉग्ज'ची तऱ्हा आणखी निराळी. २०१२ ला दाखवलेली झळाळी २०१४ च्या गेममध्ये दिसेना, तेव्हा काही उद्योगी पोरांनी गेमच्या फायली उचकटल्या, तर जुन्या झळाळीचा बराचसा भाग आत तसाच पडलेला. पाहुण्यांचा डिनर सेट माळ्यावर सापडावा आणि आपण मात्र स्टीलच्या ताटात जेवत असावं, तसं.

पण माझी सगळ्यात लाडकी तक्रार २०१८ ची. 'स्पायडरमॅन' गेममध्ये आधी दाखवलेल्यापेक्षा रस्त्यावरची डबकी कमी झाली म्हणून लोक चिडले. डबकी कमी झाली म्हणून! कंपनीने खुलासा केला की डबक्याचा आकार बदललाय, बाकी काही नाही, आणि पुढे गेममध्ये काढलेल्या फोटोवर चिकटवायला डबक्यांची स्टिकर दिली. जुलैतल्या डोंबिवलीत बसून हे वाचताना मला त्या लोकांना पत्ता पाठवावासा वाटला.

तर माझ्याकडे आता एक गेम होता, मध्यम सेटिंगचा. मी नायकाला घेऊन बाथरूमं शोधत फिरलो. घराण्याची खोड. सात बाथरूमं सापडली, सातही आरसे एकतर फुटलेले नाहीतर धुरकटलेले. आरसा म्हणजे तीच खोली दुसऱ्यांदा रंगवणं, तेव्हा तो फोडून टाकणं स्वस्त पडतं. नळ मात्र उघडला. आवाज आला, पाणीही आलं, बोटांतून आरपार गेलं.

तेवढ्यात आई येऊन बसली. पडद्यावर मासे विकणारी बाई होती.

"हे मासे आहेत की साबणाच्या वड्या?"

"थांब, येतील." दोन सेकंदांनी खवले आले, मग डोळे.

"आणि याचं उपरणं छातीतून कसं गेलंय? दुखत नाही याला?" ती बाई तेच वाक्य चौथ्यांदा म्हणाली. आई कंटाळली. "ते मागचं लाव ना, वेरूळ."

ती गुहा आपल्यापर्यंत आली ती फक्त व्हिडिओ म्हणून. तो लावला. दोन एसींच्या किमतीच्या त्या यंत्रावर मी यूट्यूब लावलं, जे आईच्या फोनवरही लागलं असतं. खोलीत ऊन पसरलं. बाई चालू लागली, पुतळ्यांचं दालन आलं. आई पुढे सरकून बसली.

"हिला जरा डावीकडे ने. त्या खांबामागे काय आहे बघू."

"आई, डावीकडे नाही जाता येत."

"का? कुलूप आहे?"

"नाही गं. हे नुसतं दाखवायला आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे. टाय शोधत असावी.