व्हिडिओ कॉलवरून झोपेची गोळी बंद करू नका

महाराष्ट्रात अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या आणि झोपेच्या गोळीची बातमी होते ती बहुतेक मालेगावच्या ‘कुत्ता गोळी’मुळे, म्हणजे नशेसाठी विकल्या जाणाऱ्या याच गोळीमुळे. छापा पडतो, स्ट्रिप्स जप्त होतात आणि चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या केमिस्टवर कारवाई करा, अशी ओरड होते. ती रास्तच आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं २०१४ पासून ‘एच-१’ या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि दिलेल्या गोळ्या यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची आणि ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे.

पण झोपेसाठी दहा वर्षं रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम घेणाऱ्या सत्तरीच्या बाई या चर्चेत कुठेच नसतात. उद्या केमिस्टने नियम खरंच पाळला, तर त्यांची गोळी एका रात्रीत तुटेल. आमच्यासारखी ब्रिटनमध्ये राहणारी मुलंही इथलं काही वाचून व्हिडिओ कॉलवरून तेच करतात: “आई, ती गोळी आजपासून बंद!”

अल्प्राझोलामचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे एक-दोन दिवसांतच घाम, धडधड, थरथर सुरू होते आणि झोप पार उडते. क्वचित फिट येते किंवा भ्रम होतो. तेव्हा वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. बाकीच्यांच्या बाबतीत गैरसमज वेगळाच. उडालेली झोप हा गोळी सुटल्याचा परिणाम असतो, पण घरचे म्हणतात, “बघा, गोळीशिवाय हिला झोप येतच नाही,” आणि गोळी पुन्हा सुरू होते.

ब्रिटनमध्ये नव्या रुग्णाला या गोळ्या सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे देत नाहीत. जुन्या रुग्णांना घाईने तोडण्याचा दोष इथेही आहेच. म्हणूनच इथल्या डॉक्टरांना उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत एकदम बंद करणं टाळा आणि वेग रुग्णाशी बोलून ठरवा, असं बजावलं आहे. आपल्याकडे बातम्यांमध्ये पुरवठ्याची चर्चा होते, उतरत्या डोसची नाही. मला खटकतं ते हेच.

हिशेब साधारण असा: दर दोन ते चार आठवड्यांनी त्या वेळच्या डोसच्या ५ ते १० टक्के कपात. त्रास वाढला तर आहे तिथेच थांबायचं, पण शक्यतो मागे जायचं नाही. ०.५ चे दहा टक्के म्हणजे ०.०५, आणि ०.२५ ची गोळी सुरीने इतकी बारीक कापता येत नाही. म्हणून डॉक्टर कधी हळू उतरणाऱ्या डायझेपामवर नेतात (०.५ अल्प्राझोलामला अंदाजे १० मिलिग्रॅम) आणि सुरुवातीला दर वेळी एक मिलिग्रॅम कमी करतात. मात्र म्हातारपणी डायझेपाम अंगात साठतं, तोल जातो, माणूस पडतो. यकृताच्या गंभीर आजारात तर ते नकोच. हा बदल घरी करायचा नाही. एक दिवसाआड गोळी घेणं हाही उपाय नव्हे, त्याने दर दुसऱ्या रात्री तोच त्रास उठतो.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे दोन औषधं एकत्र असलेल्या जोडगोळ्या. नैराश्यावरचं एस्सिटालोप्रॅम आणि अल्प्राझोलामच्याच गटातलं क्लोनाझेपाम एकाच गोळीत असेल, तर ती थांबवताना नैराश्याचं औषधही तुटतं. धडधड कमी करणारं प्रोप्रानोलॉल जोडलेलं असेल, तर हृदयरुग्णाला ते अचानक सोडणं धोक्याचं. अशी गोळी आधी डॉक्टरांकडून वेगवेगळ्या गोळ्यांत बदलून घ्यावी, मग कपात. एसआर किंवा सीआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी तर कापूच नये.

सोबत उठण्याची वेळ पक्की, दुपारची झोप बंद, आणि झोपेच्या जागी दारू किंवा सर्दीचं गुंगीचं औषध अजिबात नाही. कॅनडात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ च्या पुढच्यांना धोके आणि हळूहळू कमी करण्याचा तक्ता असलेली पुस्तिका टपालाने पाठवली. सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी गोळी सोडली, पुस्तिका न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. अशी पुस्तिका मराठीत काढायला कितीसा खर्च येतो?

आई-बाबा इकडे राहायला येणार असतील, तर मूळ पाकिटातल्या गोळ्या, चिठ्ठी आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. ब्रिटनमध्ये तीन महिने किंवा जास्त पुरतील इतक्या गोळ्या आणायच्या तर आधी परवाना लागतो. आणि कपात प्रवासाच्या महिन्यात सुरू करू नका. झोप जेटलॅगने उडाली की गोळीमुळे, हे मग डॉक्टरलाही सांगता येत नाही.