घटक राज्य दिन 30 मेचाच. 19 डिसेंबरचा नव्हे

‘19 डिसेंबर 1961 रोजी गोवा राज्य झाले आणि 1967च्या जनमत कौलाने त्यावर शिक्कामोर्तब केले’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातली दोन्ही विधाने चूक आहेत.

19 डिसेंबर हा मुक्तिदिन. त्या दिवशी पोर्तुगीज राजवट संपली. त्यानंतर गोवा, दमण व दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला.

घोळ होतो तो कौलाबाबत. 16 जानेवारी 1967च्या मतदानात राज्याचा दर्जा हा पर्यायच नव्हता. गोव्यातल्या मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती: महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. म्हणजे 34,021 मतांनी विलीनीकरण नाकारले गेले, एवढाच त्याचा अर्थ. पण तोही मोठा. विलीनीकरण झाले असते तर वेगळ्या राज्याचा प्रश्नच उरला नसता.

राज्याचा दर्जा मिळाला 30 मे 1987 रोजी. गोवा देशाचे 25वे राज्य झाले, दमण व दीव मात्र केंद्रशासितच राहिले. त्यामुळे ‘गोवा, दमण, दीवचा घटक राज्य दिन’ असे शुभेच्छाफलकही छापू नयेत. वर्धापनाचे वर्ष मोजताना 1987पासून मोजावे.